‘येत नाही ना?’

दोन हजार दोनमध्ये आम्ही अमेरिकेत फ्रीमाँटला होतो आणि माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. घरात बसून डोकं फिरायची पाळी आली, तेव्हा कोरियन लोकांच्या एका दवाखान्यात व्हॉलंटियर म्हणून जाऊ लागले. पेशंट फॉर्म भरायचे. राहिलेले रकाने मी विचारून भरायचे. शेवटचा प्रश्न होता, मरावंसं वाटतं का?

बायका तो रकाना सोडत नसत. सासूचा जाच, नवऱ्याचा मार, एकटेपणा, सगळं कोरियन नर्सजवळ रडून सांगायच्या. पुरुष नेमकी तेवढीच ओळ कोरी ठेवायचे. दुकान बुडालेलं, नोकरी गेलेली, पण फॉर्मवर फक्त पाठदुखी. मीही अशी शहाणी, की आपल्याकडच्या सवयीनं इंग्रजीतही तसंच विचारायचे, “असलं काही मनात येत नाही ना?” ते म्हणायचे, नाही. ‘नाही’वर खूण करून मी मोकळी.

त्यातले एक ड्रायक्लीनिंगवाले काका पुढच्या आठवड्यात आले नाहीत. त्यांनी जीव दिला होता. नर्सनं त्यांचा फॉर्म माझ्यापुढे ठेवला. “तू त्यांना विचारलंस, की उत्तर सांगितलंस?”

माझा नवरा तेव्हा चार महिने बेंचवर होता. कंपनीत नाव, हाताला काम नाही, व्हिसा टांगणीला. दाढी वाढलेली, ताटात अर्धं जेवण तसंच. आणि मी रोज काय विचारत होते? “बरा आहेस ना रे?” तो म्हणायचा, “हो गं.” डोंबलाचा बरा!

त्या दुपारी घरी येऊन चपला न काढताच त्याच्यासमोर बसले. “मरावंसं वाटतं का तुला?”

“वाटतं,” तो म्हणाला. चहा हवा का विचारल्यावर म्हणावं, तसं. मग माझं मनगट धरून म्हणाला, “आईला सांगू नकोस. बायकांसारखं रडगाणं नकोय मला.”

मी लगेच नर्सला फोन केला, डॉक्टरांची वेळ घेतली, आणि पुण्यात उजाडल्याबरोबर त्याच्या आईलाही सगळं सांगून टाकलं. त्यानंतर वर्षभर तो माझ्याशी धड बोलला नाही. नाही बोलला तर नाही बोलला. घरात होता.