गोळी चुकू नये म्हणून

एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या सेंटरवर मी समुपदेशक आहे. ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही हा आमचा नियम, त्यामुळे किस्से पोटात साठत जातात. नावं गाळून थोडे सांगते, नाहीतर अपचन व्हायचं!

*

साजगावच्या कारखान्यातला एक कामगार. त्याला बजावलं होतं, "रोज रात्री नऊला गोळी. खाडा नको." तरी खाडे होतच राहिले.

"मॅडम, नऊला मी कधी मशिनवर, कधी झोपलेलो. शिफ्ट दर आठवड्याला बदलते!"

"मग तिन्ही शिफ्टला जागा आणि मोकळा कधी असतोस?"

त्याने बोटं मोजली. "संध्याकाळी सहाला. दुपारच्या शिफ्टलाही तेव्हा चहाची सुट्टी असते."

तेव्हापासून सहाची गोळी. हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.

*

एकाने गोळ्यांची डबी घेतली आणि कापूस मागितला.

"कुठं लागलंय?"

"मला नाय ओ! डबी वाजते. शेअर रिक्षात समदी वळून बघतात."

आता काउंटरवर कापूस कायम असतो.

*

एकाला बरं वाटायला लागलं, म्हणून त्याने गोळ्या सोडल्या. गोळी थांबली की दबलेला आजार पुन्हा डोकं वर काढतो. मी फोनवर त्याला चांगलं फैलावर घेतलं. त्याने माझा फोन घेणंच सोडलं.

काही महिन्यांनी त्याची बायको आली, सेंटरचं कार्ड परत करायला. "आता घरात कशाला ठेवू?" म्हणाली.

त्याचं मला आजही वाईट वाटतं. त्यानंतर मी कुठल्याच पेशंटवर रागावले नाही.

*

कुंभिवलीची एक म्हातारी आली. पदराआडून तिने गोळ्यांची डबी काढली.

"सून घाईत मायेरी गेली. ही तांदळाच्या पिंपात ऱ्हायली. तिला फोन करा, तिकडच्या सेंटरला गोळ्या मिळतील असं बघा."

सून आमचीच पेशंट. सासूला कळलं तर घराबाहेर काढेल, या भीतीने दर भेटीला रडायची. पण मला कबूल कसं करता येणार?

"कुठली सून, आजी?"

"तुमी बोलू नका. एकदा तिच्या मागनं इथवर आले व्हते, मला ठावं हाय. पन तिला सांगू नका. घाबरंल ती."

"इतके दिवस तिला संशयही आला नाही?"

"कसा येनार? तिच्या गोळीच्या टायमाला मी कोंबड्या डालायला भायेर जाते. आता एकच कोंबडी ऱ्हायलीय, तरी अर्धा तास लावते!"