पाय घसरला होता

लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या मावशीच्या तोंडाचा पट्टा हातातल्या इस्त्रीइतकाच गरम. "शर्ट पोळला तर भरून देईन, मन पोळलं तर आपलं आपण बघा," असं गिऱ्हाइकांना ऐकवायची आणि स्वतःच हसायची.

तिचा एकुलता एक मुलगा बापाबरोबर कालव्यावर पोहायला गेला, शेवाळावरून पाय घसरला आणि बुडाला. काठावरच्या बापाला पोहता येत नव्हतं; शेजारच्या गवंड्याने अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारून त्याला वर काढलं. पण उशीर झाला होता. काठावर ती ऊर बडवून रडत असताना कुणीतरी तिचा फोटो काढला.

निवडणूक तोंडावर आली होती. फोटो फोनाफोनांतून फिरू लागला. खाली लिहिलेलं, 'त्यांनी हिचा मुलगा बुडवून मारला. उद्या तुमचा.' ते म्हणजे गवंड्याच्या समाजाची माणसं. मग तोच फोटो बसथांब्यावर माणसाएवढा लागला.

तिला वाटलं, गैरसमज झालाय, सांगितलं की मिटेल. ती पक्षाच्या कार्यालयात गेली. तिथला कार्यकर्ता तिच्या पाया पडला.

"मावशी, तुमचं दुःख ते आमचं दुःख."

"अरे बाबा, पण तसं झालंच नाही! त्याचा पाय घसरला."

"घाबरू नका. आम्ही आहोत."

लाँड्रीतही तेच. गिऱ्हाइकं ऐकून मान डोलवायची आणि बाहेर पडल्यावर कुजबुजायची, "बिचारीला धमकावलंय." ती जितकं नाही म्हणे, तितकी ती गोष्ट पक्की होत गेली. ज्यांनी पोराला कधी पाहिलंही नव्हतं, ते त्याच्या अंगावरच्या वळांचं वर्णन करून सांगू लागले.

एका संध्याकाळी गवंड्याच्या घरावर दगड पडले. ती त्याचं दार अडवून उभी राहिली. गल्लीतल्याच पोरांनी तिला हळुवार हातांनी बाजूला केलं. "मावशी, तुम्हाला लागेल हो."

दुसऱ्या दिवशी गवंडी सामान टेम्पोत भरताना म्हणाला, "वहिनी, तुमचा काय दोष?" तिच्याकडे मात्र त्याने पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात सभा झाली आणि तिचा नवराच माइकसमोर उभा राहून म्हणाला, "माझ्या मुलाला मारलं."

घरी तिने त्याला धरलं. "अहो, तुम्ही काठावरच होतात ना? डोळ्यांनी पाहिलंत ना?"

"पाहिलं गं." तो खाली बसला. "पाय घसरून गेला म्हटलं असतं, तर दोन दिवसांत विसरले असते सगळे. आता सगळीकडे त्याचं नाव घेतात."

"खोटं घेतात!"

"घेतात तरी."

आणि पोर गेल्यापासून पहिल्यांदाच तो हमसून रडला. तिला उठून जायचं होतं. पण हात आपोआप त्याच्या पाठीवर गेला.

निवडणूक संपली, फोटो उतरले. ती विचारत विचारत गवंड्याच्या नव्या घरी पोचली. त्याच्या बायकोने दार उघडलं, साखळी मात्र काढली नाही.

"ताई, तुमच्या पोरासाठी मीही रडलेय. पण इथे येऊ नका. तुम्ही आलात की मागून लोक येतात."

"मला फक्त भाऊजींना एकदा..."

"हे कामावर गेलेत," ती म्हणाली. आतून गवंड्याचा खोकला ऐकू आला. दोघींनीही तो ऐकला नाही असं दाखवलं. मग दार लागलं.