पुढं काय गो?

मुरबाड आणि शहापूर या दोन तालुक्यांत माझ्या मामाइतका दणदणीत आवाज कुणाचा नाही, आणि त्याच्याइतकं कच्चं पाठांतरही कुणाचं नाही.

धसईजवळ आमचं आजोळ. तिथल्या जत्रेला दरवर्षी नाटक होतं आणि गेली तीस वर्षं राजा मामाच असतो. नाटकं बदलतात, राजा तोच. ही राजेशाही त्याच्या अंगात इतकी मुरली आहे की घरात तो पाणी मागत नाही, ‘जल आणा’ म्हणतो. भाजीवालीला ‘आम्ही प्रसन्न आहोत’ असं सांगून दोन वांगी जास्तीची घेतो. एसटी निघाली तर तो तिच्यामागे धावत नाही. उभ्या जागेवरून ‘थांबा’ म्हणतो आणि एसटी थांबते. मीही एकदा त्याच्या नाटकात शिपाई होतो. ‘महाराज, शत्रू वेशीपर्यंत आला’ एवढंच वाक्य होतं. मी ‘शत्रू, महाराज वेशीपर्यंत आले’ असं म्हणालो. मामाने माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, “मंग मी कोण रे?” तेव्हापासून जत्रेत मी खुर्च्या लावतो.

मामाला मात्र असं वाक्य चुकणं परवडतं, कारण विंगेत मोडक्या स्टुलावर मामी बसलेली असते. मांडीवर तिने स्वतः उतरवलेली नाटकाची वही. मामा अडला की मान किंचित वळवतो, मामी कुजबुजते आणि राजा गर्जतो. पाहणाऱ्याला वाटतं, महाराज विचारात पडले होते.

गेल्या वर्षी गावाने मामाचा सत्कार केला. मामीने वहीत लिहून दिलेल्या भाषणाप्रमाणे त्याने रंगभूषावाल्याचे, पेटीवाल्याचे, मंडपवाल्याचे आभार मानले. जनरेटरचेही मानले. मामीचं नाव राहिलं. घरी आल्यावर त्याने बचाव केला, “वहीत नवतं तुझं नाव.”

“वही मीच लिव्हली,” मामी म्हणाली, “माझं नाव मीच कशी लिव्हीन?”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वही घेऊन डोळखांबकडे माहेरी गेली. जाताना घरही सोडलं आणि ‘आपलं घर’ नावाचा आमच्या कुटुंबाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही.

जत्रा महिन्यावर आली होती, पण मामाच्या तोंडी नाटकाचं नावच नव्हतं. दोन वेळा पिठलं खायचा आणि ओटीवर बसायचा. आठव्या दिवशी त्याने मामीला आवाजी निरोप पाठवायचं ठरवलं. आमच्याकडे जुनी माणसं बायकोचं नाव घेत नाहीत. मामाने तर ते फोनमध्येही घेतलं नव्हतं, ‘घर’ असं लिहून ठेवलं होतं. बोट एक ओळ खाली गेलं आणि निरोप ‘आपलं घर’वर आला.

निरोप राजाच्या आवाजात सुरू होतो. “येथे सर्व कुशल आहे. कोंबड्या कुशल आहेत. भात करपला, परंतु चिंता नसावी. तू गेल्यापासून या महालात...” मग लांबलचक शांतता. मागे कोंबडा आरवतो. मामाने सवयीने मान विंगेकडे वळवली असणार. आणि मग राजाचा आवाज गळून पडतो, आमच्या मामाचा घरगुती आवाज येतो, “पुढं काय गो?”

मी हसलो आणि तो निरोप ऑफिसच्या दोन ग्रुपवर टाकला. हे माझं कर्तृत्व मी आजवर मामीला सांगितलेलं नाही. चार दिवसांत तो जिकडेतिकडे झाला. रस्त्यात बसलेली म्हैस, बारावीचा निकाल, बाद झालेला फलंदाज, प्रत्येक व्हिडिओखाली मामाचा आवाज, ‘पुढं काय गो?’ लोक त्याच्याबरोबर फोटो काढायला येऊ लागले. मी अभिनंदन करायला गेलो तर म्हणाला, “सगल्या जगाला आयकू गेलं रे. तिला गेलं का?”

गेलं होतं. शहापूरला जाणाऱ्या जीपमध्ये कुणाचा तरी फोन वाजला आणि रिंगटोनमधून राजा अडला. मामीने नंतर सांगितलं, “माझे व्हट हलले बग. पन वाक्य वहीत नवतं.” तिने त्या माणसाकडून सगळा निरोप दोनदा ऐकला.

मग मुरबाडला एका मंडळाने मामाचा सत्कार ठेवला. सभागृह भरलेलं. मामा माइकसमोर उभा राहिला, “हा सन्मान माझा नव्हे. हा सन्मान...” आणि थांबला. अडीचशे फोन वर झाले. मामाने मान वळवली. तिथे विंग नव्हती, नुसती भिंत होती. भिंतीकडे बघूनच तो म्हणाला, “पुढं काय गो?”

टाळ्या, शिट्ट्या, हशा. ज्यासाठी आले होते ते मिळालं, म्हणून लोकांनी फोन खाली घेतले. हशा ओसरला तशी शेवटच्या रांगेतून, मांडीवर वही घेतलेल्या बाईची कुजबुज आली. तीस वर्षं एका माणसापुरती ठेवलेली, आज सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

“माझं नाव.”

मामाने माइक बाजूला सारला आणि म्हणाला, “इंदू.” इतक्या हळू की पुढच्या दोन रांगांनाच कळलं, आणि ओठांवरून मामीला.

जत्रेला नाटक झालं. मामा सात वेळा अडला आणि मामीने सात वेळा सावरलं. ते सगळं लोकांच्या फोनमध्ये आहे. ते ‘इंदू’ तेवढं कुणाकडेच नाही. मी तर दुसऱ्या रांगेत होतो, हातात फोन होता. पण तेव्हा मी आधीचा तुकडा फॉरवर्ड करत होतो.