पाटी बंद, बाप्पा चालू

आमच्या लांज्याकडच्या गावाला रुग्णवाहिका दिली ती मुंबईकर मंडळाने. दिली तीही हौसेने. छपरावर मंडळाच्या नावाची झगझगीत पाटी, फिरते दिवे, आत दोन पंखे. चालकाने पदरचा एक छोटा गणपती समोर बसवला आणि त्याच्यापुढे बारीक लाल दिवा.

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कोल्हापूरला न्यायचं ठरलं तेव्हा ही हौस मोजायची वेळ आली. त्यांना हवेतून ऑक्सिजन काढून देणारं यंत्र सतत लागायचं. गाडीत ते बॅटरीवर, इन्व्हर्टर लावून चालणार. सोबतचा सिलिंडर पाऊण तासाचा; वाट तीन तासांची, मध्ये आंबा घाट. मी कॅनिंगच्या कारखान्यात विजेचं काम बघतो. आदल्या दिवशी अंगणात गाडी लावून एकेक बटण दाबलं आणि मीटरवरचे आकडे लिहून घेतले. यंत्र बत्तीस अँपिअर, फिरते दिवे सहा, पंखे पाच, पाटी नऊ.

"पाटी बंद ठेवायची," मी म्हणालो.

"अध्यक्ष फोन करून विचारतात हो भाऊ, पाटी चालू आहे ना म्हणून!" चालक म्हणाला. "आता बाप्पाचा दिवापण काढा."

तोही मोजला. पाव अँपिअरसुद्धा नव्हता. "बाप्पांचा राहू दे."

"उपकार झाले!"

ओटीवरून आप्पा म्हणाले, "स्वतःच्या लग्नात मांडवातले बल्ब मोजत बसला होता हा."

दुसऱ्या दिवशी घाटात ट्रक आडवा झालेला. रांग हलेना. चालकाने सवयीने इंजिन बंद केलं. मी ओरडून परत चालू करायला लावलं. तरी बॅटरीचा आकडा उतरतच राहिला. इंजिन चालू, पाटी बंद, मग हे कसं? तेव्हा माझी चूक मला दिसली. गाडी खाते किती ते मी मोजलं होतं. इंजिनावर फिरून वीज करणारा अल्टरनेटर देतो किती, ते मात्र त्याच्यावर छापलेलं वाचून खरं मानलं होतं. तो आकडा पळत्या इंजिनाचा. उभ्या गाडीत इंजिन मंद फिरतं, तेव्हा त्याच्या निम्मंही मिळत नाही.

मी ते चालकाला सांगितलं. पंखे आणि फिरते दिवे बंद केले. त्याने गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर अर्धा दाबला. आकडा थांबला, मग हळूहळू चढू लागला. पन्नास मिनिटं त्याने पाय उचलला नाही.

"ह्या पायाचे अँपिअर किती धरलेत, भाऊ?"

आप्पा मास्कच्या आत हसले. मी वहीच्या पुठ्ठ्याने त्यांना वारा घालत होतो.

कोल्हापूरला पोचलो तेव्हा सिलिंडर भरलेलाच होता. अकरा दिवसांनी आप्पा त्याच गाडीतून घरी आले. यंत्र आता फक्त रात्री लागतं.

मी चालकाच्या सीटसमोर कागद चिकटवला: 'रांगेत उभं राहिल्यास पाटी बंद, पंखे बंद, फिरते दिवे बंद. इंजिन चालू, पाय अर्धा.' परवा पाहिलं, तर खाली त्याच्या अक्षरात एक ओळ वाढली होती: 'बाप्पा चालू.'

आकड्याला धरून आहे. मी खोडली नाही.