ओट्यावरची जनगणना

माझे नाव महादेव गोविंदराव बोरकुटे. वय एकोणऐंशी. शाळा चौथीपर्यंत, त्यापुढचे सारे वाचन स्वतःचे. नागपूरच्या इतवारीतल्या भांड्यांच्या ज्या दुकानात मी मुनीम होतो, त्याच्या ओट्यावर आम्ही तिघे रोज संध्याकाळी बसत असू. माणसे वर्षानुवर्षे एका जागी बसली, की किस्से आपोआप साचतात. कोणी जपून ठेवत नाही, तरी एकही हरवत नाही! आणीबाणी उठल्यानंतरच्या काळातले हे काही.

बाकीचे दोघे म्हणजे गुलाबराव आणि यादवराव. गुलाबराव धान्यबाजारात हर्रास, म्हणजे लिलाव, पुकारीत. त्यांची बोली चार गल्ल्यांपलीकडे ऐकू जाई. यादवराव शिंपी. दोघांनाही खर्र्याचे व्यसन. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटला, की त्यांची संध्याकाळ सुरू होई.

*

एकदा मी वर्तमानपत्र मोठ्याने वाचले. तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाने मरणाऱ्यांचे प्रमाण आपल्या देशात फार मोठे असून तंबाखू हे त्याचे मुख्य कारण आहे, असे त्यात होते.

यादवराव म्हणाले, "देशात असन गा! नागपूर तर पार मधात हाय. त्याले इथपर्यंत याले टाइम लागते!"

*

प्रमाण म्हणजे काय, हेही मी समजावून सांगितले. "एक लाख लोकांमागे किती दगावले, ते मोजतात."

गुलाबरावांनी ओट्यावर नजर फिरवली. "आपुन तर तिघंच हावो. लाख झाले का सांगजो गा, मंग भिऊ!"

*

यादवरावांनी पत्नीसमोर खर्रा सोडण्याची शपथ घेतली. दुसऱ्याच दिवशी त्यांचा हात गुलाबरावांच्या पन्नीत!

"आणि शपथ?" मी विचारले.

"इकत घ्याचा सोडला. मांगून खाचा कुठं सोडला?"

*

शनिवारी आम्ही शांताबाईंच्या सावजी खानावळीत जेवत असू. तिथला जहाल रस्सा गुलाबराव वाटी तोंडाला लावून पीत. एका शनिवारी मात्र पहिल्याच घासाला त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले.

"काहून वं शांताबाई, मिरची फुकट भेटून राहिली का?"

"मसाला तोच हाय, भाऊ."

पुढच्या शनिवारी तेच भांडण. आम्हीही गुलाबरावांचीच बाजू घेतली. मी तर मिरचीच्या नव्या पिकाला दोष दिला! खानावळसुद्धा बदलून पाहिली. तिथेही जाळ तसाच. शेवटी पुन्हा शांताबाईंकडे गेलो, तेव्हा त्यांनी गुलाबरावांच्या पुढ्यात नुसता वरण-भात ठेवला.

"घ्या. आता याच्यात मिरची दाखवा मले."

गुलाबरावांनी एक घास घेतला, त्यानेही डोळ्यांत पाणी आले आणि त्यांनी ताट सरकवले.

*

तंबाखू-सुपारीने जबडा आखडतो आणि निरोगी माणसाच्या तोंडात तीन बोटे उभी मावतात, हे माझ्या वाचनात आले होते. ओट्यावर मी आधी स्वतःची घालून दाखवली. यादवरावांचीही मावली. गुलाबरावांचे एकच बोट गेले.

"माहे बोटंच जाडे हाय," ते हसून म्हणाले.

"मंग माहे घे!" असे म्हणून यादवरावांनी आपली सुईसारखी बोटे पुढे केली. त्यांचेही एकच गेले.

"परवा मोठी हर्रास हाय गा, मंग पाहू," असे गुलाबराव म्हणत राहिले. यादवरावांनी त्यांचे ऐकले नाही. हाताला धरून सरकारी दवाखान्यात नेले. गालाच्या आत गाठ निघाली.

*

शस्त्रक्रिया झाली. हर्रास पुकारणारा तो आवाज त्यानंतर कुजबुजीएवढा उरला. आम्ही भेटायला गेलो, तेव्हा गुलाबरावांनी मला खूण करून जवळ बोलावले. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"लाख झाले का गा?"

मी उभ्या आयुष्यात चुकीचा आकडा कोणाला सांगितलेला नाही.

"नाही, गुलाबराव," मी म्हणालो. "अजून तिघेच आहोत."

*

त्या वर्षी दिवाळीच्या आधी गुलाबराव गेले. यादवरावांनी मागून खाणेही सोडले. तेव्हापासून ओट्यावर आम्ही दोघेच बसतो.