किसनचा चष्मा

हे मी घरातही कधी बोललो नाही. बायको गेली, तिलाही नाही. आज तुमच्यापुढे बोलतोय — का, ते मलाही नीट माहीत नाही. मन हलकं होईल म्हणून नव्हे. ते होणार नाही.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. पिंपरीच्या एका कारखान्यात मी आणि किसन शेजारशेजारच्या ग्राइंडरवर उभे असायचो. ओतून आलेल्या लोखंडी भागांच्या कडा घासायच्या, एवढंच काम. मी चिंचवड गावठाणातला, तो चिखलीच्या शेतकऱ्याचा मुलगा. सायकलवर यायचा. रानातलं काही आणलं — शेंगा म्हणा, हुरडा म्हणा — की आधी माझ्या हातावर ठेवायचा. हे सगळं आधी का सांगतोय? मुद्दा पुढे ढकलायला, दुसरं काय!

कंपनीने आम्हाला एकाच दिवशी नवे चष्मे दिले. चाकावरून उडणारे कण डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून. किसन आपला चष्मा धुतलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचा. आणि मी? मी तो मशीनवर पालथा टाकायचो, लोखंडाच्या भुशातच. थोड्याच दिवसांत काचेवर ओरखडे पडले. समोरचं धुक्यातल्यासारखं दिसू लागलं. बदलून मागायचा तर सुपरवायझरकडे जावं लागे, आणि तो चारचौघांत पाणउतारा करायचा. त्याची मला भीती वाटली. बस्स, तेवढीच भीती. याहून मोठं कारण असतं तर निदान सांगताना बरं वाटलं असतं.

एका सकाळी किसन चहाला गेला. मी त्याचं फडकं उलगडलं. त्याचा चष्मा घेतला, माझा आत गुंडाळून ठेवला. दोन्ही दिसायला सारखेच. चोरी म्हणायचं का याला? मी मनात अदलाबदल म्हटलं होतं.

तो आला. चष्मा चढवला, काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा चढवला.

“आज काच अशी धुरकट कशी रं झाली?”

“घाम असेल,” मी म्हणालो. त्याच्याच काचेतून त्याच्याकडे बघत.

थोड्या वेळाने कड दिसेना म्हणून त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि वाकून घासू लागला. मी ते पाहिलं. हाक मारायला हवी होती. पण हाक मारली असती तर त्याने मला काच दाखवली असती — आणि मग? मी मान फिरवली. तो किंचाळला तेव्हा माझं चाक फिरतच होतं.

उजवा डोळा गेला.

पट्टी बांधलेला किसन साहेबांपुढे उभा राहिला. म्हणाला, काचंतून दिसत न्हवतं. साहेबांनी तो चष्मा उजेडात धरला. मग माझा मागितला. मी दिला.

“दोन्ही एकाच दिवशी दिलेले ना? बघ, यानं कसा ठेवलाय!”

किसनने उरलेल्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ओळखलं याने. पण तो खाली बघून म्हणाला, “माझीच चूक झाली, साहेब. जपाया हवा व्हता.”

मी हाताच्या अंतरावर होतो. 

त्याला झाडलोटीला लावलं. मला पुढे नव्या कामगारांना शिकवायचं काम मिळालं — वस्तू जपणारा माणूस म्हणून! पहिला धडा चष्म्याचा. एकदा मी शिकवत असताना किसन झाडू घेऊन चालला होता. मी त्याला बोलावलं. हो, मीच बोलावलं. म्हणालो, चष्मा जपला नाही की काय होतं, ते बघा. त्याने झाडू भिंतीला टेकवला, तोंड वर केलं, बोटाने पापणी उचलली.

“व्हय, बघा रं नीट. माझ्यावानी करू नगा.”

त्यानंतर नवी माणसं आली की तो आपणहून यायचा. त्याला वाटायचं, माझ्या कामाला मदत होते. मी त्याला एकदाही नको म्हटलं नाही.

भीती केव्हाच सरली होती. सुपरवायझर बदलला, साहेब बदलले. मग मी गप्प का राहिलो? उत्तर शोधलंय मी. सापडतं ते सांगण्यासारखं नाही: गप्प राहणं सोयीचं होतं.

गेल्या वर्षी किसन वारला. मी चिखलीला भेटायला गेलो. त्याच्या मुलाने मला बसायला खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला. त्याची आई, किसनची बायको, उंबऱ्याशी बसली होती.

“काका, आबा मनानं लई चांगले,” तो म्हणाला, “पण वस्तू जपायची सवय न्हवती. डोळा त्यापायीच गेला. आई आयुष्यभर बोलायची त्यांना त्यावरून.”

त्याच्या आईने माझ्याकडे पाहिलं. मी तिथे होतो, मला ठाऊक असणार, म्हणून.

मी म्हणालो, “हो.”