बाबूची पंगत

आत्याच्या शेजारच्या सुमनकाकूंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघायच्या बेतात होतो. "माई गेल्या रे," एवढंच त्या म्हणाल्या. मानसी, माझी बायको, कामासाठी पुण्याला गेली होती, म्हणून कुत्र्याला बरोबर घेऊनच करी रोडहून टॅक्सीने काळाचौकीला, माईआत्याच्या चाळीत पोचलो. सगळं आटोपून, आंघोळी करून पुन्हा तिच्या खोलीत आलो तेव्हा माणसं भिंतीला टेकून बसली होती. कुत्र्याची जेवायची वेळ टळून गेली होती आणि आत्याच्या फ्रीजरमध्ये त्याच्या जेवणाची पाकिटं अजून होती. मी एक काढलं, ते कोमट करायला पातेल्यात पाणी घेतलं आणि गॅस पेटवला. खोलीतली कुजबुज एकदम थांबली... मयताच्या घरात त्या दिवशी चूल पेटवत नाहीत, शेजारचे पिठलं-भात आणतात, हे मला काय ठाऊक नव्हतं? तरी पेटवली, आणि तीही कुत्र्यासाठी. सुमनकाकू उठल्या, त्यांनी गॅस बंद केला. "कोमट पाणी मी आणते माझ्याकडून," हळूच म्हणाल्या. चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

माईआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, मालवणकडची. गिरण्या चालू होत्या तेव्हा याच खोलीत तिची खाणावळ होती. पाळी सुटली की कामगारांची पंगत बसायची आणि शेवटचा गडी हात धुवेपर्यंत आत्या स्वतः घास घ्यायची नाही. मग कुणाला तरी समोर बसवून जेवायची. बहुतेक वेळा तो मी असायचो, कारण आई-बाबा नोकरीला आणि मी शाळा सुटली की तिच्याकडे. एकटीनं जेवणं तिला कधी जमलंच नाही. पुढे गिरण्या गेल्या, आतोबा गेले, मूलबाळ नव्हतंच. समोर बसायला कुणी उरलं नाही, आणि मी तर टॉवरमध्ये राहायला गेलो होतो.

आम्ही कुत्रा घेतला तेव्हा त्याला दिवसभर सांभाळायला आत्या आयतीच मिळाली. आम्ही त्याचं नाव ऑस्कर ठेवलं होतं. तिने पहिल्याच दिवशी त्याचा बाबू केला. त्याचं पोट नाजूक. कोरड्या खाण्याने अंगाला खाज सुटायची, म्हणून खूप शोधून मी ही पाकिटं निवडली: चिकन, भोपळा, गाजर, थोडा भात, सगळं मंद आचेवर शिजवून गोठवलेलं. मीठ नाही, कांदा-लसूण नाही. आत्याने पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "ह्या बर्फातला जेवाण तो कसो खातलो रे?" मी तिला सगळं समजावलं. रात्रीच वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात काढायचं, सकाळी कोमट पाण्यात ठेवायचं, उकळायचं नाही, बोट लावून बघायचं. जिने फुंकर मारून माझ्या तोंडात घास घातले तिला मी हे शिकवत होतो! "बरा," ती हसून म्हणाली, आणि तसंच करू लागली.

गेल्या वर्षी तिचं पोटाचं दुखणं निघालं. अन्न जाईना. डॉक्टर म्हणाले, जमेल तेवढं खाऊ द्या. मी काय केलं? घरबसल्या प्रोटीनच्या पावडरीचे डबे मागवून तिच्या दारात पोचवले. अशातच एका संध्याकाळी बाबूला न्यायला गेलो, तर त्याच्या भांड्याला बांगड्याच्या कढीचा वास! "वायच कढी घातलंय, नुसता ता फिका फिका..." ती ओशाळून म्हणाली. बाबूला पट्टा लावून मी निघालो. दुसऱ्या दिवसापासून बाबूला तिच्याकडे नेणं बंद केलं. सगळ्यांना सांगितलं, आत्याला आता दगदग नको. नातेवाइकांनी तोंडभरून कौतुक केलं, किती समजूतदार पोरगा म्हणून. ते मी खुशाल ऐकून घेतलं.

घरी बाबूने खाणं सोडल्यासारखंच केलं. भांड्यासमोर बसायचा, माझ्याकडे बघायचा आणि उठून जायचा. मला वाटलं, चवीला कंटाळला. चिकनचं पाकीट बदलून मटणाचं आणलं, मग मासळीचं. बोट लावलं, वेळ पाळली... आणि भांडं ठेवून फोन बघत उभा राहिलो.

बाराव्यानंतर खोली आवरायला गेलो. सुमनकाकू मदतीला होत्या. फ्रीज रिकामा करताना पाकिटांकडे बघून म्हणाल्या, "माई टाकू देईनात मला. म्हणायच्या, बाबू येईल तेव्हा लागतील."

"खूप लळा होता," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

"लळा कसला रे, जेवायच्या त्या त्याच्यामुळे. पेजेची वाटी घेऊन खाली त्याच्यासमोर बसायच्या. त्यांनी घास घेतल्याशिवाय तो तोंडच लावायचा नाही. तो उपाशी राहील म्हणून चार घास पोटात जायचे. तू न्यायचं बंद केलंस, मग आम्ही दिलेलंही नुसतं झाकून ठेवायच्या." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पाकिटं पिशवीत भरत राहिल्या.

तिचं दुखणं बरं होणारं नव्हतं, मला माहीत आहे. त्यावर मी कितीदा तरी स्वतःची समजूत घालून पाहिली. पण शेवटचा महिनाभर ती कुणाबरोबर तरी जेवली असती. तेवढं माझ्या हातात होतं, आणि मी ते कढीच्या वासावरून काढून घेतलं. याची लाज वाटते, आणि त्याहून जास्त लाज वाटते ती त्या कौतुकाची.

आता मी ताट घेऊन बाबूसमोर जमिनीवर बसतो. पहिल्या दिवशी मी घास तोंडात घातला तसा त्याने लगेच भांड्यात तोंड घातलं. भराभर खाल्लं, भांडं चाटून पुसून साफ केलं. मला वाटलं, आता उठेल. पण तो उठला नाही. पंजांवर हनुवटी टेकून, माझं जेवण होईपर्यंत तिथेच बसून राहिला.